पंचनाम्याआधी झाडलेली वाडी

वादळानंतर पंचनाम्याला तलाठी यायच्या आधीच मी माझी वाडी झाडून लख्ख करून ठेवली. आडवी झालेली एकही पोफळ शिल्लक ठेवली नाही. माणसं लावून बुंधे खणून काढले, खड्डे बुजवले, जमीन सारखी केली. फक्त रांगोळी घालायची राहिली होती.

असं का केलंत, असं मला लोक अजून विचारतात आणि विचारताना त्यांचे चेहरे फार प्रसन्न असतात. एक कारण घराण्याचं. वाडीत झावळी पडलेली दिसली तर वडील ती उचलल्याशिवाय जेवायला बसत नसत. दुसरं कारण मी स्वतः. आमच्या श्रीवर्धनकडच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांच्या, त्यांतले निम्मे मास्तर नाहीतर कारकून. मी म्हसळ्याला अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. जन्मभर पगार सरकारच्या तिजोरीतून घेतला, आता पेन्शनही तिथूनच घेतो, आणि तिजोरीची काळजी पंचक्रोशीत सगळ्यात जास्त मलाच.

एस्टी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "सरकारने ही खिरापत वाटणं बंद केलं पाहिजे." ते मी कोणत्याही विषयाला जोडत असे. मोफत सायकली, मोफत गणवेश, कर्जमाफी, काहीही. आणि त्या दिवसांत लोकांना ते पटतही असे. गावात घरोघरी 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या लागल्या होत्या. माझ्याही दोन खोल्या होत्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसे. मोदकाचे पैसे रोख मिळत. तेव्हा गावाचं एकमुखी मत असं, की सरकारचं आम्हाला काही नको, सरकारने आमच्या मध्ये येऊ नये, फक्त माणगावपासूनचा रस्ता तेवढा नीट करावा. रस्ता करणारं सरकार कुठलं आणि मध्ये न येणारं सरकार कुठलं, हे कोणी विचारत नसे. मी तर नाहीच.

मग टाळेबंदी आली आणि गाड्या यायच्या बंद झाल्या. ती उठायची वाट बघत असतानाच वादळ आलं. सकाळी सुरू झालं आणि दुपारी थांबलं तेव्हा घरावर निम्मी कौलं नव्हती, आणि कंगव्याचे दात मोडावेत तशा पोफळी एकीवर एक पडल्या होत्या. किनाऱ्यावरचं सुरूचं बन गेलं. आमच्या आणि समुद्राच्या मध्ये आडोसा होता तो तेवढाच.

त्यानंतर गावाचं मत जे फिरलं ते मी आयुष्यात पाहिलं नाही. सरकारने मध्ये येऊ नये म्हणणारे सगळे रस्त्याकडे तोंड करून सरकारच्या जीपची वाट बघत बसले. मीही बसलो. चहाची टपरी उडून गेल्यामुळे माझं वाक्य म्हणायला जागाही उरली नव्हती.

आधी तांदूळ आला, फुकट. माझं रेशनकार्ड पांढरं, म्हणजे खात्यापित्या घरचं. त्याचा मला इतका अभिमान, की ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. पांढऱ्या कार्डाला काही मिळत नाही. गडग्यापलीकडे माझा चुलतभाऊ राहतो. त्याचं कार्ड केशरी. दोघांचे आजोबा एक, वाडी एकाच वाडीचे दोन तुकडे, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा, आणि कार्डाचे रंग वेगळे. तो तांदळाची गोणी खांद्यावरून घेऊन माझ्या ओट्यासमोरून गेला तेव्हा मी पेपर वाचत होतो. पेपर येत नव्हते त्या दिवसांत. जुनाच वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने घावणे पाठवले. मी खाल्ले आणि म्हटलं, "काय जाळी पडल्ये. तांदूळ कुठला?"

"रेशनचा," माझी बायको म्हणाली. "आणखी दोन घालू, की तिजोरीवर बोजा पडेल?"

मी दोन घाल म्हटलं. पण घशाखाली उतरताना त्यांची चव मला खुपत होती. वाईट असते तर बरं वाटलं असतं.

तर तो पंचनामा. माझा चुलतभाऊ जन्मजात आळशी. पडलेल्या पोफळी त्याने जशाच्या तशा ठेवल्या. "उचलल्या की कंबर धरते दादा," म्हणाला आणि त्यांतल्याच एका खोडावर बसून विडी ओढायला लागला. मी इकडे माणसांच्या मागे लागून वाडी आरशासारखी करत होतो. बायको दोनदा येऊन सांगून गेली, "अहो, पाहुणे यायच्या आधी झाडतात. तलाठी यायच्या आधी नाही." मी म्हटलं, आपली लाज आपण झाकायची, ती सरकारला कशाला दाखवायची?

तलाठीबाई आल्या त्या माझ्याच विद्यार्थिनी निघाल्या. म्हसळ्याला दुसऱ्या बाकावर बसायची मुलगी. चपला काढून आत आली, वाकून नमस्कार केला, मग मागीलदारी गेलो.

"सर, किती झाडं गेली?"

"गेली म्हणजे काय, बरीच गेली."

"कुठायत?"

"काढून टाकली."

"बुंधे तरी?"

"तेही काढले."

ती माझ्या सपाट जमिनीकडे बघत राहिली. "सर, नुकसान दिसायला लागतं हो. मी फोटो कशाचा काढू?"

इथे मी गप्प राहिलो असतो, नाहीतर सरळ गयावया केली असती, तर तिने काहीतरी वाट काढली असती. शेजारीपाजारी साक्ष द्यायला होतेच. पण समोर जुनी विद्यार्थिनी, मागे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर गावातली चार टाळकी कान देऊन उभी, आणि मला बरेच दिवसांत भाषणाची संधी मिळालेली नव्हती. वर्गात उभा राहायचो तसा मी उभा राहिलो. म्हटलं, "हे बघ, सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. माझं पेन्शनवर भागतंय. ज्याला गरज आहे त्याला आधी द्या. मला नको."

आता माझा अंदाज काय होता सांगतो. आपल्याकडे पंगतीत ताटावर हात आडवा धरून जो नको नको म्हणतो, त्याच्या पानात यजमान हात बाजूला करून दोन जास्त वाढतो. नको म्हणणाऱ्यालाही ते माहीत असतं, वाढणाऱ्यालाही. मला वाटलं, ती म्हणेल, "असं कसं सर." मी पुन्हा नको म्हणेन. ती आग्रह करेल. मग मी नाइलाजाने लिहू देईन.

सरकारी कामात आग्रहाची पद्धत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यासारखे आहेत म्हणून, सर," एवढंच म्हणाली आणि रकान्यात लिहिलं, 'निरंक'. म्हणजे नुकसान शून्य. मग गडगा ओलांडून पलीकडे गेली.

पलीकडे ती कितीतरी वेळ होती. मी जास्वंदीला कीड लागली आहे का बघत गडग्याला चिकटून उभा होतो. चुलतभाऊ तिला एकेक आडवी पोफळ दाखवत होता, जणू मेलेल्या नातेवाइकांची ओळख करून देत होता. "ही आजोबांच्या हातची. ही रोठा जातीची, हिची सुपारी एवढी यायची." ती फोटो काढत होती. मग कोकम सरबत झालं. हसणं झालं. त्यातली एक पोफळ वादळाच्या आधीपासून वाळलेली होती, हे मला छातीठोक माहीत होतं. मी गडग्यावरून ओरडून सांगणार होतो. पण जास्वंदीतून तोंड बाहेर काढायचं कसं, हा प्रश्न होता.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही आणि माझं मन जरा स्वस्थ झालं. मी म्हणायला लागलो, बघा, घोषणा आणि प्रत्यक्ष यांत फरक असतो. मग एका सकाळी चुलतभाऊ हातात फोन घेऊन गडग्याशी आला.

"दादा, चष्मा सापडत नाही. काय आलंय बघ रे."

मी बघितलं. बँकेचा मेसेज होता. नुकसानभरपाई जमा. आकडा वाचून माझे कान गरम झाले. मी फोन जरा लांब धरला, जवळ धरला, आणि म्हटलं, "काही नाही. रिचार्जची जाहिरात आहे."

"मग पुसून टाक."

मी पुसून टाकला. आता हे करून मला काय मिळणार होतं? पैसे तर त्याच्याच खात्यात होते. पण तो फोन खिशात घालून विहिरीकडे गेला तेव्हा मला असं वाटलं, की निदान आजचा दिवस तरी मी त्याला मिळू दिला नाही. तो आठवडाभराने बँकेत गेला, पासबुक भरून घेतलं आणि येताना माझ्या ओट्यावर पेढे ठेवून गेला. "दादा," म्हणाला, "जाहिरात चांगली होती." पेढे माणगावचे होते, चांगले होते. मी त्यांतला एक खाल्ला. बाकीचे बायकोने उचलून ठेवले, कारण मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होतो त्याने ते आंबले असते, असं तिचं म्हणणं.

त्या पैशातून त्याने रोपं लावली. मीही लावली, पेन्शनमधून. त्याचीही माणगावच्या त्याच रोपवाटिकेतली, माझीही तिथलीच. त्याची तरारली. माझी जगली, एवढंच म्हणता येईल. मी रोज सकाळी दात घासत गडग्याशी जाऊन त्याच्या रोपांचे नवे कोंब बघत असे, आणि तोंडात ब्रश असल्यामुळे मनात येई ते बोलता येत नसे. गाड्या परत यायला लागल्यावर मी पाहुण्यांना वाडी दाखवताना सांगू लागलो, "अलीकडची आमची, स्वकष्टाची. पलीकडची सरकारी." पाहुणे पलीकडे जाऊन फोटो काढत.

टपरीही परत उभी राहिली आणि माझं वाक्यही परत आलं, आधीपेक्षा जोरात. फरक एवढाच, की आता ते टाळेबंदीआधीसारखं सगळ्यांना पटेना. ज्यांना भरपाई मिळाली होती ते म्हणत, "सर, सरकार नसतं तर काय केलं असतं?" ज्यांना मिळाली नव्हती ते माझ्या बाजूला येऊन बसत. आमचा एक गटच झाला. तिजोरी, कर्ज, उधळपट्टी असे शब्द आम्ही वापरत असू. त्यातला एकजणही तिजोरीबद्दल बोलत नव्हता. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला गडगा होता.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण मात्र कुठल्याच गटात नव्हती. तिच्या घरची जाळी वादळात समुद्रात गेली होती. समुद्रात गेलेल्या जाळ्याचा फोटो निघत नाही, म्हणून तिलाही माझ्यासारखंच काही मिळालं नाही. मी एकदा तिला आमच्या गटात ओढायला बघितलं. "तुझं गेलं ते गेलंच, आणि पलीकडे बघ कसं हिरवंगार."

"मंग?" ती बोंबील मोजता मोजता म्हणाली. "त्याचा वालला असता तं माजी जाली परत आली असती?"

मला तिचं हे बोलणं अजिबात आवडलं नाही. बोंबीलही त्या दिवशी कमी घेतले.

आता विहिरीचं सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथे होतं. सुरूचं बन गेल्यापासून उधाणाचं पाणी आत येऊ लागलं होतं. माझी वाडी सखल, विहीर समुद्राच्या बाजूला. दरवर्षी उन्हाळ्यात तिचं पाणी आधीपेक्षा जास्त मचूळ व्हायला लागलं. पाहुण्यांसाठी मी पाण्याचे कॅन आणू लागलो. पण पोफळीला कॅनचं पाणी घालता येत नाही. कोवळ्या रोपांच्या पात्यांची टोकं पिवळी पडत होती. विहीर खारी झाली की वाडी संपली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वडिलांनी, आजोबांनी शिंपलेली जागा माझ्या हातात वाळणार, हे मला रात्री झोपू देत नसे.

तेव्हा गेल्या वर्षी किनाऱ्याला दगडी बंधारा बांधायचं निघालं, तर मी पेढे वाटायला हवे होते. पण झालं काय, की मोजणीची माणसं आली ती चुलतभावाच्या वाडीत उतरली. टेप धरून तिथेच फिरली, त्याच्याच माडाखाली बसून शहाळी प्यायली. गावात बोललं जाऊ लागलं, की निधी थोडा आहे, पहिल्या टप्प्यात वीस-पंचवीस वाव लांबीचाच बंधारा होईल, पुढचा टप्पा पैसे येतील तेव्हा. मी दोन आणि दोन जोडले. बंधारा त्याच्यापुढे होणार आणि माझ्या हद्दीशी थांबणार. मी त्याला विचारू शकलो असतो. तो कमरेएवढ्या गडग्यापलीकडे बसलेला असे. पण विचारायचं म्हणजे मला ते हवं आहे हे कबूल करणं आलं.

ग्रामसभा शाळेत भरली. मी तयारीने गेलो. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. कोळीण पाटी दाराशी ठेवून उंबऱ्यावरच टेकली होती, लवकर आटोपलं तर बाजार गाठायचा म्हणून. ग्रामसेवकाने बंधाऱ्यासाठी आलेला अर्ज वाचायला घेतला आणि मी लगेच उभा राहिलो. अर्ज पूर्ण वाचूसुद्धा दिला नाही.

भाषण चांगलं झालं, हे मला सांगायलाच हवं. म्हसळ्याला इतकी वर्षं शिकवलं, पण मुलं एवढी शांत कधी बसली नव्हती. राज्यावर कर्ज किती, त्याचं व्याज कोण भरतं, समुद्रात दगड टाकणं म्हणजे पैसे टाकणं, एकदोघांच्या वाड्या वाचवायला सगळ्या गावाचा निधी का घालवायचा, त्यापेक्षा नको म्हणायची हिंमत एका तरी गावाने दाखवावी. मी अर्धा तास बोललो. टपरीवरच्या माझ्या गटाने टाळ्या वाजवल्या. इतरही काही माना हलल्या. चुलतभाऊ भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. तो चक्रावलेला होता.

मी बसल्यावर ग्रामसेवक म्हणाला, "सर, आता मी उरलेला अर्ज वाचू?" आणि वाचला. अर्ज चुलतभावाचा होता. त्यात लिहिलं होतं, की निधी अपुरा असल्याने पहिल्या टप्प्याचं काम अर्जदाराच्या हद्दीतून न करता लगतच्या सखल वाडीपुढे, तिथल्या विहिरीच्या बाजूने, सुरू करावं.

लगतची सखल वाडी म्हणजे मी.

वर्गात कोणीतरी हसलं. मी चुलतभावाकडे वळलो. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?" तो म्हणाला. "आणि प्रेमाने नाही रे केलं. पाणी तुझ्याकडून आत येतं आणि मग माझ्याकडे शिरतं. तुझ्याकडे अडलं की माझ्याकडे आपोआप अडतं. माझ्यापुढे बांधून उपयोग काय?"

मी पुन्हा उभा राहिलो. म्हटलं, "अध्यक्ष महाराज, या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे." किनारा वाचवणं हे सरकारचं पहिलं कर्तव्य, असं सुरू केलं. अशा कामावरचा खर्च हा खर्च नसून गुंतवणूक असते, हे तर मी पुस्तकातलंच सांगत होतो. पण माझ्याच गटातला एकजण मध्येच म्हणाला, "सर, समुद्रात दगड टाकणं म्हणजे पैसे टाकणं. आम्हाला पटलंय." मी त्याला म्हटलं, ते मी सर्वसाधारण अर्थाने बोललो. तो म्हणाला, आम्हालाही सर्वसाधारण अर्थानेच पटलंय.

सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. मी पहिला केला. चुलतभावाने केला, बायकोने केला, कोळणीने केला. मी मागे वळून बघितलं तर मघाशी माना हलवणारे सगळे हाताची घडी घालून बसले होते. मी बाकांमधून फिरलो. एकेकाला हळूच सांगितलं, अरे, मी मघाशी जरा जास्त बोललो. ते म्हणाले, नाही नाही सर, उत्तम बोललात. एक म्हातारा तर माझा हात हातात घेऊन म्हणाला, असं स्पष्ट बोलणारं आता कोण राहिलंय.

ग्रामसेवकाने वहीत लिहिलं, की एकमत न झाल्याने विषय पुढील सभेवर ठेवण्यात येत आहे. पुढची सभा म्हणजे पावसाळा उलटून. मधली सगळी उधाणं माझ्या विहिरीवरून जाणार. मी तिथेच मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसलो. गुडघे छातीला लागत होते. बायको बाजूने गेली ती थेट बाहेर. टोमणा मारून गेली असती तर बरं झालं असतं.

कोळीण उंबऱ्यावरून उठली. चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलायला चुलतभावाने हात लावला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमाला सरकारचा खर्च नको नव्हता. भावाला भेटलेला नको होता. त्ये दोन सबदांत सांगाचा ना. अर्दा तास कशाला खाल्लाव? माजी मासली वास माराला लागली."